शेजारी टॉवर झाला आणि आपल्या पार्किंगमध्ये पाणी आलं, असं का होतं? पावसाच्या पाण्याबद्दल बांधकामाचे नियम काय सांगतात?

मुंबई असो, पुणे असो किंवा कोल्हापूर, पावसाळा सुरू झाला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्रार हमखास येते. इतकी वर्षं इथे कधी पाणी भरलं नाही, पण शेजारी नवी स्कीम उभी राहिली आणि तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पावसात पार्किंग बुडतं.

बिल्डर म्हणतो, सगळ्या परवानग्या आहेत. महापालिका म्हणते, गटार साफ केलंय. मग हे पाणी येतं कुठून? आणि प्लॉटवर पडलेल्या पावसाची जबाबदारी कायद्याने नेमकी कुणाची?

आधी साधा हिशेब

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी जमा होतं. म्हणजे १,००० चौरस मीटरच्या, साधारण १० गुंठ्यांच्या प्लॉटवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०,००० लिटर पाणी पडलं.

प्लॉट मोकळा असताना यातलं बरंच पाणी मातीत मुरतं, गवतात अडतं, खड्ड्यांत साचतं. समजा त्यातलं ३० टक्के बाहेर वाहिलं, तर ते झालं १५,००० लिटर. १० हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर दीड टँकर.

आता त्याच प्लॉटवर इमारत आली. गच्ची, काँक्रीटचं पार्किंग, पेव्हर ब्लॉक, डांबरी रस्ता. आता ९० टक्के पाणी बाहेर येतं. म्हणजे ४५,००० लिटर, साडेचार टँकर. पाऊस तेवढाच, प्लॉट तोच, पण बाहेर पडणारं पाणी तिप्पट.

शिवाय ते लवकर येतं. मातीवरून रेंगाळत येणारं पाणी गच्चीच्या पाइपातून काही मिनिटांत रस्त्यावर पोहोचतं. गटार तुंबायला हे पुरेसं असतं. एकूण पाणी किती यापेक्षा ते एकाच वेळी किती येतं, यावर पूर ठरतो.

पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा वाहून जातो, या प्रमाणाला इंजिनिअर 'रनऑफ कोएफिशंट' म्हणतात. वरच्या उदाहरणात तो ०.३ वरून ०.९ वर गेला. पावसाळी गटार किती मोठं हवं, हे ठरवताना हा आकडा, पावसाचा जोर आणि जागेचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार करतात.

मुंबईने हा आकडा बदलला, तेव्हा काय कळलं?

मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती. त्या हिशेबात रनऑफ कोएफिशंट ०.५ धरला होता. म्हणजे निम्मं पाणी जमिनीत मुरेल, असं गृहीत होतं.

१९८५ च्या पुरानंतर महापालिकेने अभ्यास करून घेतला आणि १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. त्यात नवं गणित मांडलं गेलं : पाऊस तासाला ५० मिलिमीटर आणि कोएफिशंट १. याचा सरळ अर्थ, आता शहरात काहीच मुरणार नाही, पडेल ते सगळं गटारात येणार.

त्या अहवालातली बरीच कामं रखडली. मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. गटारं रुंद करणं आणि समुद्राकडे पाणी फेकणारी पंपिंग स्टेशन उभारणं या कामांनी नंतर वेग घेतला.

म्हणजे शहरातली माती झाकली गेली आणि तिने आधी फुकटात केलेलं काम पंपांना, म्हणजे करदात्यांच्या पैशाने, करावं लागलं.

नियम कुठे लिहिलेले आहेत?

महाराष्ट्रात बांधकामाचे नियम मुख्यतः दोन ठिकाणी आहेत. बृहन्मुंबईसाठी 'डीसीपीआर २०३४'. आणि मुंबई व काही विशेष क्षेत्रं सोडून उरलेल्या राज्यासाठी डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे 'यूडीसीपीआर'. पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर, कोल्हापूर ही शहरं या दुसऱ्या नियमावलीत येतात.

पावसाच्या पाण्यासाठी वेगळं एकच प्रकरण नाही. नियम वेगवेगळ्या कलमांत विखुरलेले आहेत. ते एकत्र ठेवून पाहू.

१. नदीकाठी किती अंतर सोडायचं?

इथे दोन रेषा महत्त्वाच्या. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. लाल पूररेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभाग ठरवतो.

नदीचा काठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. इथे इमारत बांधता येत नाही. बाग, पार्किंग, खुली भाजी मंडई, स्मशानभूमी, पाइपलाइन अशा मोजक्याच वापरांना परवानगी मिळते. निळी ते लाल रेषा हा नियंत्रित पट्टा. इथे बांधकाम होऊ शकतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंचीवर.

यातली एक बाब ग्राहकांना सहसा माहीत नसते. प्लॉटचा काही भाग पूररेषेत गेला, तरी त्या भागाचा एफएसआय उरलेल्या जागेवर वापरायची मुभा नियमावलीत आहे. त्यामुळे पूररेषेत जागा अडकली म्हणून बिल्डरचं सगळं नुकसान होतं, असं नाही.

आता एक अडचण पाहा. नियंत्रित पट्ट्यातली इमारत उंचावर गेली, म्हणजे बहुतेक वेळा तिच्याखाली भराव पडला. पूर्वी पुराचं पाणी त्या जागेत पसरायचं. ते आता शेजारच्या जुन्या, सखल घरांकडे सरकतं. नवी इमारत नियमात बसते, कोरडी राहते, आणि पाणी पत्ता बदलतं.

२. ओढे आणि नाले

नकाशावर दिसणारा नाला अडवता येत नाही आणि त्याच्या काठापासून ठरावीक अंतर सोडावं लागतं. काठ नीट ठरलेला नसेल, तर प्राधिकरणाच्या परवानगीने प्रवाहाला वळण देता येतं.

हे अंतर कागदावर किरकोळ वाटतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात ते किती महत्त्वाचं आहे हे दिसलं. कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. काठावरच्या वस्त्या आणि सोसायट्यांत पाणी घुसलं, सीमाभिंती कोसळल्या. पुणे शहर आणि परिसरात त्या पावसात २० हून अधिक जणांचे जीव गेले. वर्षातले दहा महिने जेमतेम पाणी वाहणारा ओढा किती रुंद होऊ शकतो, हे त्या रात्री काही तासांत कळलं.

३. रेन वॉटर हार्वेस्टिंग

'यूडीसीपीआर'नुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम करताना रेन वॉटर हार्वेस्टिंग बंधनकारक आहे. मुंबईतही मर्यादा ५०० चौरस मीटरचीच आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये हीच मर्यादा १०० चौरस मीटर आहे. पण ते बायलॉज राज्यांसाठी नमुना आहेत. राज्याने स्वीकारल्याशिवाय ते लागू होत नाहीत.

ही यंत्रणा बांधून विसरून जायची नसते. ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची आहे. ती नसेल किंवा बंद पडली असेल, तर बांधकामाच्या क्षेत्रफळानुसार दरवर्षी आकारणी करण्याची तरतूदही आहे.

४. आवारातली पावसाळी गटारं

पावसाचं पाणी आणि सांडपाणी यांच्या लाइन वेगळ्या ठेवाव्या लागतात. अनेक ठिकाणी गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असतो. मोठ्या पावसात तळमजल्यावरच्या संडासातून पाणी उलटं येतं, त्यामागे हे एक नेहमीचं कारण. उलट प्रकारही होतो. सांडपाणी पावसाळी गटारात सोडलं जातं आणि ते थेट नदीत जातं.

५. मातीवरची मोकळी जागा

४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर साधारण १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ही जागा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर दाखवून चालेल का, असा वाद मुंबईत झाला. डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नियमाने ठरवलेली किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर लॉन छान दिसतं, पण त्याखाली स्लॅब असतो. तिथून पाणी जमिनीत उतरत नाही.

६. मोठे प्रकल्प

बांधकामाचं क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर २००६ च्या ईआयए अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या अर्जात पावसाचं पाणी कुठून वाहणार, कुठे मुरणार आणि कुठे बाहेर पडणार, याची मांडणी असते. मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल बिल्डरने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. हे अहवाल सार्वजनिक असतात.

एवढे नियम आहेत, मग पाणी का भरतं?

अंमलबजावणी ढिली, हे उत्तर खरं आहे. पण सगळे नियम पाळले तरी एक मोठी फट उरते. ती समजायला 'साठवणं' आणि 'थोपवणं' यांतला फरक पाहावा लागेल.

रेन वॉटर हार्वेस्टिंगचा हेतू पाणी वापरण्याचा किंवा जमिनीत मुरवण्याचा आहे. उन्हाळ्यातली टंचाई समोर ठेवून तो नियम आला. पुराचा विचार त्यात मुख्य नव्हता.

नियमावलीत दिलेल्या पर्यायांपैकी एक शोषखड्डा बघा. १.२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि २ ते २.५ मीटर खोल. पूर्ण रिकामा असता तरी त्यात जेमतेम ३,६०० लिटर पाणी मावेल. पण तो दगड, खडी आणि वाळूने भरलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही नाही. वरच्या उदाहरणात एका तासात ४५,००० लिटर पाणी बाहेर पडत होतं. अशा एका खड्ड्याने भूजलाला मदत होईल, पण रस्त्यावरच्या पुराला फारसा फरक पडणार नाही.

टाकीचंही तसंच. जूनमध्ये भरलेली टाकी जुलैतल्या मुसळधार पावसात भरलेलीच असेल, तर नवं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जातं. पूर थोपवायचा, तर टाकी पावसाआधी रिकामी हवी. पाऊस जोरात असताना तिने पाणी अडवून धरायचं आणि जोर ओसरल्यावर हळूहळू सोडायचं. अशा टाकीला 'डिटेन्शन टँक' म्हणतात.

मुंबई महापालिकेने हिंदमाता परिसरासाठी हाच मार्ग घेतला. दादरचं प्रमोद महाजन कला पार्क आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान इथे जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी तिथे थांबवायचं आणि नंतर सोडायचं. फरक इतकाच, की हे काम सार्वजनिक जागेवर आणि सार्वजनिक पैशाने झालं. नवी इमारत बांधणाऱ्याने आपल्या वाढीव पाण्यापुरती अशी टाकी बांधावी, यावर आपल्या नियमांचा भर नाही.

सिंगापूरमध्ये काय करतात?

सिंगापूरमध्येही धो धो पाऊस पडतो आणि जागा कमी आहे. तिथल्या 'पब' या पाणी संस्थेने २०१४ पासून नियम लागू केला. ०.२ हेक्टर, म्हणजे २,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर विकास करायचा असेल, तर १० वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाच्या हिशेबाने प्लॉटमधून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा कोएफिशंट ०.५५ पेक्षा जास्त असता कामा नये.

काँक्रीटने भरलेल्या प्लॉटचा तो ०.९ च्या आसपास जातो. मधला फरक बिल्डरने आपल्या हद्दीत जिरवायचा किंवा थोपवायचा. डिटेन्शन टँक बांधा, गच्चीवर हिरवळ करा, पाणी मुरणारे बगीचे करा, पर्याय तुमचा. सरकार फक्त प्लॉटच्या गेटवर आकडा बघतं.

पाणी गटारापर्यंत नेऊन सोडलं की बिल्डरची जबाबदारी संपली, असं तिथे चालत नाही. गटारात एका वेळी किती सोडणार, हेही त्याला सांगावं लागतं. उताराला राहणाऱ्या माणसासाठी दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो.

शेजाऱ्याचं पाणी आपल्याकडे आलं, तर कायदा काय म्हणतो?

१८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, म्हणजे 'ईझमेंट्स ॲक्ट', इथे लागतो. त्यातल्या कलम ७ खालच्या एका उदाहरणानुसार, उंचावरच्या जमिनीत नैसर्गिकरीत्या पडणारं आणि ठरलेल्या प्रवाहात नसलेलं पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या वाहू देणं, हा वरच्या मालकाचा हक्क आहे. म्हणजे खालच्या माणसाने भिंत घालून ते सरसकट अडवू नये.

पण 'नैसर्गिकरीत्या' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. भराव टाकून उतार बदलला, गच्चीचं पाणी पाइपात गोळा करून एकाच जागी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलं, तर ते नैसर्गिक वाहणं उरत नाही. अशा वेळी दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. मात्र आधी उतार कसा होता आणि नंतर तो कसा झाला, हे पुराव्याने दाखवावं लागतं. शेजारी काम सुरू होण्याआधीचे तारखेसह फोटो अशा वेळी फार उपयोगी पडतात.

फ्लॅट घेताना काय तपासाल?

* डीपी आणि झोन दाखला : प्लॉट पूररेषेत किंवा नाल्याला लागून आहे का, हे त्यावरून कळतं. ब्रोशरमधलं 'रिव्हर फेसिंग' वाचलं, की पहिली चौकशी हीच करा. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रोडवरच्या एकता नगरी भागातल्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं.
* महारेराची वेबसाइट : प्रकल्पाच्या पानावर सुविधांच्या यादीत पावसाळी गटारं आणि रेन वॉटर हार्वेस्टिंग यांचा वेगळा उल्लेख असतो. काम किती झालं, तेही दिसतं.
* मंजूर नकाशा : तो पाहण्याचा हक्क रेरा कायद्याने ग्राहकाला दिला आहे. शोषखड्डे कुठे आहेत, मोकळी जागा मातीवर आहे की स्लॅबवर, आवारातलं गटार शेवटी कुठल्या गटाराला जोडलंय, हे बघा.
* बेसमेंटचा उतार : रॅम्पचं तोंड रस्त्यापेक्षा खाली असेल, तर रस्त्यावरचं पाणी आधी तिथेच येणार.
* पावसाळ्यातली भेट : साइट एकदा तरी जोरदार पावसात बघा. शेजारच्या दुकानदाराला विचारा, इथे पाणी कुठवर येतं. तो एका वाक्यात सांगेल.

राहायला आल्यानंतर त्रास होत असेल तर?

इमारत नवी असेल, तर रेरा कायद्याचं कलम १४(३) वाचा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा पुरवलेल्या सेवांमध्ये दोष आढळला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. चुकीच्या उताराचं किंवा कुठेच न जोडलेलं पावसाळी गटार या दोषात बसू शकतं. तक्रार लेखी द्या आणि सोबत पावसातले व्हिडिओ ठेवा.

त्रास शेजारच्या नव्या कामामुळे होत असेल, तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे आणि वॉर्ड ऑफिसकडे लेखी तक्रार करा. माहिती अधिकारात मंजूर फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करता येते. नकाशात दाखवलेले शोषखड्डे, गटार आणि मोकळी जागा जागेवर आहेत का, ते ताडून बघा. हे काम भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी केलं तर सर्वांत चांगलं. त्यानंतर बिल्डरवरचा दबाव कमी होतो.

आणि स्वतःच्या सोसायटीकडेही एकदा बघा. आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवताना झाडांभोवतीची मातीसुद्धा झाकली गेली आहे का? शोषखड्ड्याचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं? गच्चीचा पाइप ड्रेनेजला तर जोडलेला नाही ना? हे तपासायला परवानगी लागत नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी, एक प्लंबर सोबत घेऊन हे होतं. कारण तुमच्या सोसायटीच्या उताराला दुसरी एखादी सोसायटी आहे, आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कदाचित तुमच्याबद्दलच तक्रार सुरू असेल.